दमा आणि आईचे दूध : न्हावा शेवा बंदराच्या अध्यक्षांस खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष,
जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरण,
न्हावा शेवा, तालुका उरण, जिल्हा रायगड.



आईचे दूध आणि मुलांचा दमा हा विषय घेऊन एका बंदराच्या अध्यक्षांना पत्र लिहावे, हे प्रथमदर्शनी कोणासही विचित्र वाटेल. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या किंवा महिला व बालविकास खात्याच्या दप्तरी जायचा अर्ज चुकून आपल्या टेबलावर आला, असे आपल्या स्वीय सचिवांना वाटले, तर त्यांना दोष देता येणार नाही. परंतु पत्ता चुकलेला नाही. उरण तालुक्यात बालकांची चिकित्सा करण्यात माझ्या आयुष्याचा मोठा भाग गेला आहे, आणि त्या अनुभवाच्या, तसेच या विषयावरील गेल्या नव्वद वर्षांच्या संशोधनाच्या आधारे मला जे सांगायचे आहे ते असे, की आईचे दूध तान्ह्या मुलाच्या छातीसाठी पुष्कळ करते, पण सर्व काही करीत नाही; आणि जे करणे दुधाच्या आवाक्याबाहेर आहे, त्यातील बराचसा भाग आपल्या अखत्यारीत मोडतो.

२६ मे १९८९ रोजी हे बंदर सुरू झाले. त्याआधी या मुलखात भातशेती होती, मिठागरे होती, खाडीतली मासेमारी होती. शेवा गावच्या कोळ्यांना बंदरासाठी जागा सोडावी लागली, आणि पुनर्वसनात मिळालेली हनुमान कोळीवाड्याची घरे पुढे वाळवीने पोखरली. १९८४ च्या जानेवारीत, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली चाललेल्या भूमिपुत्रांच्या आंदोलनात, जासई आणि दास्तान फाट्याच्या परिसरात झालेल्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मे झाले. हा इतिहास तक्रार म्हणून उगाळण्यासाठी मी येथे आणलेला नाही. या गावांनी देशाच्या व्यापारासाठी एकदा जमीन दिली, एकदा पाणी दिले, आणि आता ती हवाही देत आहेत, मात्र हवेच्या या देण्याचा हिशेब अद्याप कोणत्याही वहीत मांडला गेलेला नाही, एवढेच नजरेस आणावयाचे आहे. २०२३-२४ या एका वर्षात वीस फुटी डब्याच्या मापाने सुमारे ६४ लाख डबे या बंदरातून गेले-आले. त्यातले काही रेल्वेने गेले. उरलेल्यांपैकी बहुतेक करळ फाट्यावरून, जासईवरून, गव्हाण फाट्यावरून डिझेलच्या ट्रेलरवर लादून गेले, आणि त्या रस्त्यांच्या दोन्ही अंगांना माणसांची घरे आहेत.

आता दवाखान्यातली गोष्ट. श्रावणाच्या सुमारास सर्दीची साथ आली, की आठ-नऊ महिन्यांचे मूल घेऊन घरातल्या तिन्ही पिढ्या एकदम येतात. मूल आईच्या खांद्यावर असते, प्रत्येक श्वासाला त्याच्या बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असतो, नाकपुड्या फुललेल्या असतात, आणि छातीला नळी लावण्याआधीच घरघर कानी पडते. 'छातीन कफ भरलाय,' आजी सांगते. आई काही बोलत नाही. औषधाची वाफ देऊन मूल निवले, की मग ती हळूच विचारते, 'हा तर अंगावरच पितो, तरी याला कसा झाला?' आणि मी उत्तर देण्यापूर्वीच आजीचे उत्तर आलेले असते : 'हिचा दूदच पातल हाय!' या दोन वाक्यांत आपल्या समाजाची एक मोठी अन्यायकारक समजूत साठलेली आहे. मूल धष्टपुष्ट झाले तर ते देवाच्या कृपेने आणि घराण्याच्या वळणावर. आणि त्याला धाप लागली, अंगाला खाज सुटली, की तो दोष आईच्या दुधाचा. या समजुतीला अलीकडे छापील आधारही मिळू लागला आहे. स्तनपान सप्ताहात भिंतीवर लावलेल्या फलकांवर 'आईचे दूध, दम्यापासून संरक्षण' अशा अर्थाची ठळक अक्षरे मी वाचली आहेत, आणि तो फलक वाचून घरी गेलेली, पण दमेकरी मुलाची आई असलेली स्त्री स्वतःविषयी काय निष्कर्ष काढील, याचा विचार तो फलक लिहिणाऱ्याने केलेला दिसत नाही.

शास्त्र याविषयी काय म्हणते, ते थोडे विस्ताराने सांगावे लागेल, कारण येथे सोप्या घोषणेने भागत नाही. १९३६ साली शिकागोच्या ग्रुली आणि सॅनफर्ड या दोन डॉक्टरांनी वीस हजारांहून अधिक तान्ह्या मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. गाईच्या दुधावर वाढलेल्या मुलांत इसब, म्हणजे बालवयातला तो खाजरा, ओलसर त्वचारोग, अंगावर पिणाऱ्या मुलांच्या सुमारे सातपट आढळला होता. इसब ही पुष्कळदा ॲलर्जीची पहिली पायरी असते. आज गालावर आणि कोपराच्या घडीत इसब असलेले मूल पुढे शिंकांनी आणि दम्याने बेजार होण्याचा संभव इतरांहून अधिक असतो. त्यामुळे आईचे दूध ही पायरीच टाळते, आणि म्हणून पुढचा सारा जिना टळतो, अशी आशा डॉक्टरांच्या मनात निर्माण झाली. फिनलंडमध्ये १९७५ साली जन्मलेल्या मुलांचा सतराव्या वर्षापर्यंत पाठपुरावा करून सारिनेन आणि कायोसारी यांनी १९९५ साली जे निष्कर्ष मांडले, त्यांनी ही आशा आणखी बळकट केली; अधिक काळ अंगावर प्यालेल्या मुलांत इसब, अन्नाची ॲलर्जी आणि श्वसनाची ॲलर्जी ही तिन्ही कमी दिसली होती.

मग २००२ साली न्यूझीलंडच्या ड्युनेडिन शहरातून उलटाच दाखला आला. १९७२-७३ साली तेथे जन्मलेल्या हजारावर मुलांना संशोधकांनी प्रौढ वयापर्यंत वेळोवेळी तपासले होते, आणि त्यांत चार आठवडे किंवा अधिक अंगावर प्यालेल्या मुलांत दमा आणि ॲलर्जी कमी नव्हे, तर जास्त आढळली. या निष्कर्षाने मोठी खळबळ उडाली. ॲरिझोनातील टक्सन येथील पाहणीतही, आईला स्वतःला दमा असेल आणि मुलाची प्रकृती ॲलर्जीची असेल तर, दीर्घकाळ अंगावर पिण्याचा दम्याशी संबंध दिसला. परंतु अशा पाहण्यांचा अर्थ लावताना एक व्यवहारज्ञान लागते. ज्या घरात दमा पिढीजात आहे, त्या घरची आई मुलाला जपण्यासाठी मुद्दाम अधिक काळ पाजते. ज्या मुलाच्या अंगावर पुरळ उठले, त्याला वरचे दूध सुरू करण्याचा धीर तिला होत नाही. मग पुढे त्या मुलाला दमा झाला, तर वरवर पाहणाऱ्यास दूध कारण आणि दमा कार्य असे दिसते. वस्तुतः दम्याचे भयच दुधाचे कारण असते. उलटपक्षी, अनेक देशांत सुशिक्षित, सुस्थित घरांतील स्त्रिया अधिक काळ पाजतात, आणि त्यांच्या घरांत धूर, ओल आणि गर्दीही कमी असते. त्या सुस्थितीचे श्रेय मग दुधाच्या खाती जमा होते. एका आईने पाजावे आणि दुसरीने पाजू नये, अशी चिठ्ठ्या टाकून वाटणी करणे नीतीला धरून होणार नसल्यामुळे हा गुंता सुटायचा कसा, हा प्रश्न दीर्घकाळ तसाच पडून होता.

त्यातून मार्ग काढला तो बेलारूस या देशात. मायकेल क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातांऐवजी रुग्णालयांची चिठ्ठ्यांनी वाटणी केली. जून १९९६ ते डिसेंबर १९९७ या काळात एकतीस प्रसूतिगृहांपैकी काहींत मातांना स्तनपानासाठी शास्त्रशुद्ध साहाय्य देण्यात आले, आणि इतरांत नेहमीची पद्धत चालू राहिली. १७,०४६ माता आणि त्यांची मुले या पाहणीत होती, आणि सर्वच मातांनी स्तनपान सुरू केलेले होते. फरक पडला तो किती काळ आणि किती निव्वळपणे पाजले यात. साहाय्य मिळालेल्या गटात तिसऱ्या महिन्यापर्यंत केवळ आईच्या दुधावर असलेली मुले ४३ टक्के होती, तर दुसऱ्या गटात अवघी ६ टक्के. इतका स्पष्ट फरक पडल्यावर निष्कर्षही भरवशाचे निघाले. पहिल्या वर्षात साहाय्य मिळालेल्या गटातील मुलांना जुलाब कमी झाले आणि इसब कमी झाले. परंतु साडेसहाव्या वर्षी त्याच मुलांची त्वचेवर ॲलर्जीची तपासणी केली, दम्याची चौकशी केली, तेव्हा साहाय्य मिळालेल्या गटाला दम्यापासून किंवा ॲलर्जीपासून संरक्षण मिळाल्याचे दिसून आले नाही. सोळाव्या वर्षी पुन्हा पाहिले, तेव्हा कोपराच्या आणि गुडघ्याच्या घडीतले इसब साहाय्य मिळालेल्या गटात निम्म्याहूनही कमी होते, मात्र फुप्फुसांच्या क्षमतेत फरक नव्हता.

या सगळ्याचा मथितार्थ काढायचा तर तो असा निघतो. पहिली दोन वर्षे सर्दी-पडशाच्या विषाणूंमुळे छातीत होणारी घरघर आईच्या दुधाने कमी होते, याविषयी पुरावा चांगला आहे. २०१४ साली शंभराहून अधिक पाहण्यांचा एकत्रित विचार झाला, तेव्हाही दुधाचा लाभ याच वयात सर्वांत ठळक दिसला. असे का, हेही आता बऱ्यापैकी कळलेले आहे. बाळंतपणानंतरचे पहिले चिकाचे दूध आणि त्यानंतरचे नेहमीचे दूध यांत आयजीए नावाची प्रतिद्रव्ये असतात, ती मुलाच्या घशात आणि आतड्यात पहारा करतात. दुधात सुमारे दोनशे प्रकारच्या अशा शर्करा आढळल्या आहेत, ज्या मुलाला स्वतःला पचत नाहीत, पण त्याच्या आतड्यातील बिफिडोबॅक्टेरिया या उपकारक जंतूंचे त्या अन्न होतात. आणि ते जंतू प्रतिकारशक्तीला कोणाशी लढावे आणि कोणाला सोडून द्यावे याचे पहिले शिक्षण देतात. आईने खाल्लेल्या अंड्या-मासळीतील प्रथिनांचे अत्यल्प अंशही दुधातून उतरतात, आणि त्यांची ओळख हा त्याच शिक्षणाचा भाग असतो. म्हणून अंगावर पिणाऱ्या मुलाला न्यूमोनिया कमी होतो, रुग्णालयात ठेवण्याची वेळ कमी येते, आणि ज्या देशात तान्ही मुले अजूनही छातीच्या आजाराने दगावतात, तेथे हा लाभ सोन्याच्या मोलाचा आहे. याच उपसागराच्या पलीकडच्या अंगाला, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, आपले बंदर सुरू झाले त्याच १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आशियातील पहिली मातृदुग्धपेढी उघडली, ती अपुऱ्या दिवसांच्या आणि अशक्त मुलांना दुसऱ्या मातांचे दूध देऊन वाचवण्यासाठी. आईच्या दुधाची योग्यता सिद्ध करायला याहून मोठा दाखला नको.

परंतु सहाव्या, दहाव्या, सोळाव्या वर्षी ज्याला आपण दमा म्हणतो, त्याचे मूळ आनुवंशिकतेत, घरातील धुळीत राहणाऱ्या सूक्ष्म किड्यांत, भिंतीच्या ओलीवरील बुरशीत, तंबाखूच्या, चुलीच्या आणि डिझेलच्या धुरात पसरलेले असते, आणि तेथवर दुधाचा हात पोचत नाही. दूध पोटात जाते. हवा छातीत जाते. १९९७ साली लॉस अँजेलिसच्या संशोधकांनी दाखवून दिले, की परागकणांची ॲलर्जी असलेल्या माणसाच्या नाकात परागकणांसोबत डिझेलच्या धुरातले कण गेले, तर त्या परागकणांविरुद्धची ॲलर्जीची प्रतिद्रव्ये केवळ परागकण गेल्यावर तयार होतात त्याहून कितीतरी अधिक तयार होतात. म्हणजे हा धूर स्वतः तर छातीला त्रास देतोच, पण दुसऱ्या पदार्थाची ॲलर्जी भडकवण्याचेही काम करतो.

आता न्यायाने बोलायचे तर, सगळा धूर बंदराचा नाही, हे मला आधी कबूल केले पाहिजे. आमच्या घरांतून बाळंतिणीला आणि बाळाला धुरी देण्याची चाल आहे. न्हाऊमाखू घालून झाले, की शेगडीतल्या निखाऱ्यांवर ओवा, वावडिंग, बाळंतशेपा टाकतात, त्यावर पाटी उपडी घालतात, आणि त्या धुरात काही आठवड्यांचे मूल धरतात. त्याला ठसका लागला तर 'कफ सुटतोय' म्हणून समाधान मानतात. रात्री खाडीकाठच्या डासांसाठी खाटेखाली कॉइल जळत असते. एका कॉइलमधून निघणाऱ्या सूक्ष्म कणांचे वजन ७५ ते १३७ सिगारेटींमधून निघणाऱ्या कणांइतके भरते, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत आढळले आहे. मी प्रत्येक घराला सांगते की धुरी बंद करा, कॉइल बंद करा, मच्छरदाणी लावा. आणि आजीबाईंचा राग ओढवून का होईना, पुष्कळ घरे ते ऐकतात. परंतु एक प्रश्न मला हटकून विचारला जातो, आणि त्याला माझ्यापाशी उत्तर नसते : 'शेगडी इझवू, पण रस्त्यावरच्या गाड्या कोन इझवील?'

दुसरी चाल पथ्याची. आगरी-कोळी घरांत एरवी मासळीवाचून घास उतरत नाही, पण मुलाला पुरळ उठले की आईची मासळी, अंडी, शेंगदाणे, सगळे बंद करून तिला वरण-भातावर बसवतात. पाजणाऱ्या आईने असे पथ्य केल्याने मुलाची ॲलर्जी टळते, याला आधार सापडलेला नाही. उलट तिचे पोषण मात्र घटते. एखाद्या मुलाला विशिष्ट पदार्थाची ॲलर्जी तपासून सिद्ध झालेली असेल, तर गोष्ट निराळी. सहा महिने पूर्ण होईपर्यंत निव्वळ आईचे दूध, आणि त्यानंतर दूध चालू ठेवून, नाचणीच्या पेजेबरोबर, मऊ भाताबरोबर अंडे, शेंगदाण्याचे कूट, काटे काढलेली मासळी ही लांबणीवर न टाकता द्यावी, हेच आजचे ज्ञान आहे. २०१५ साली लंडनमध्ये ६४० मुलांवर झालेल्या प्रयोगाने शेंगदाण्यापुरते तरी निर्विवाद सिद्ध केले, की लवकर खाऊ घातल्याने ॲलर्जी होण्याचे प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास घटते. आणि पश्चिम स्वीडनमधल्या पाहणीत नऊ महिन्यांच्या आत मासे चाखलेल्या मुलांत वर्षाअखेर इसब कमी आढळले. मासळीची गोष्ट आपल्या बंदराला अगदी निकटची आहे. २०१६ साली डेन्मार्कमध्ये झालेल्या प्रयोगात गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत माशांच्या तेलातील स्निग्धाम्ले भरपूर प्रमाणात दिलेल्या मातांच्या मुलांत दमा आणि सततची घरघर सुमारे तीस टक्क्यांनी कमी झाली. तेथे ती कुपीतून दिली होती. आमच्या बायांना तीच स्निग्धाम्ले बांगड्यातून आणि तारलीतून मिळू शकतात. परंतु खाडीची मासळीच जेथे उरली नाही, तेथे ती विकत आणून ताटात वाढावी लागते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाने २७ फेब्रुवारी २०१५ रोजी उरण-पनवेल परिसरातील १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपयांची भरपाई देण्याचा हुकूम केला, तो याच हानीची दखल घेऊन. भरपाईच्या कागदात मासळीचा भाव धरला जातो. गरोदर बाईच्या ताटातून जे गेले, ते कोणत्या रकान्यात लिहावे?

आता कामावर जाणाऱ्या आईविषयी. बंदराभोवतीच्या कंटेनर यार्डांत, गोदामांत, कस्टम दलालांच्या कचेऱ्यांत, साफसफाईच्या ठेक्यांवर आज शेकडो स्थानिक स्त्रिया राबतात. १९६१ च्या मातृत्व लाभ अधिनियमाने मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळेत पाजण्यासाठी दोन वेळा सुटी देण्याची तरतूद केली. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची झाली, आणि पन्नास किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या आस्थापनेत पाळणाघर सक्तीचे झाले. कागदावर ही तरतूद उत्तम आहे. परंतु ठेकेदाराकडे कामगारांची नोंद पन्नासाच्या आत राहिली, की पाळणाघराचा प्रश्नच उद्भवत नाही. आणि जिचा ठेका दर काही महिन्यांनी नव्याने होतो, तिला २६ आठवड्यांची रजा मागण्याचे धाडस होत नाही. मग दीड-दोन महिन्यांचे मूल आजीपाशी ठेवून ती कामावर येते, दुपारी पदर ओला होतो तेव्हा शौचालयात जाऊन दूध पिळून टाकते, आणि घरी मूल पावडरच्या डब्यावर वाढते. डब्याचे दूध विकण्यासाठी जाहिरात करण्यास १९९२ च्या कायद्याने मनाई केली आहे. परंतु कामाची व्यवस्थाच जेथे त्या डब्याची शिफारस करते, तेथे जाहिरातीची गरज काय? कॅनडातील एका मोठ्या पाहणीत तीन वर्षांच्या वयापर्यंत दमा सर्वांत कमी दिसला तो थेट अंगावर पिणाऱ्या मुलांत. काढून ठेवलेले दूध बाटलीने घेणाऱ्यांत तो त्याहून अधिक दिसला. याने कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, आणि नाइलाजाने दूध काढून ठेवणाऱ्या आईने त्यामुळे खंतावण्याचे कारण नाही, कारण डब्याच्या दुधापेक्षा ते केव्हाही श्रेयस्कर. परंतु दूध काढण्याचे यंत्र देऊन मालकाची जबाबदारी संपत नाही आणि मूल आईच्या जवळ आणणे हेच खरे साहाय्य, एवढा बोध त्यातून निश्चित घेता येतो.

आपण म्हणाल, जगातले प्रत्येक बंदर धूर सोडते, त्याला इलाज काय? इलाज आहे, आणि तो एका बंदराच्या शहरातच मोजला गेला आहे. दक्षिण कॅलिफोर्नियात १९९३ पासून हजारो शाळकरी मुलांच्या फुप्फुसांची क्षमता वर्षानुवर्षे मोजली गेली. ज्या पाच वस्त्यांची तुलना करण्यात आली त्यांत लाँग बीच हे बंदराचे शहर होते. तेथल्या शासनाने वाहनांच्या इंधनावर आणि इंजिनांवर क्रमाक्रमाने कडक नियम घातले, लॉस अँजेलिस आणि लाँग बीचच्या बंदरांनी २००६ साली हवा स्वच्छ करण्याचा संयुक्त आराखडा स्वीकारला, जुने ट्रक बंदराबाहेर काढले, धक्क्याला लागलेल्या जहाजांची इंजिने बंद करून त्यांना किनाऱ्यावरून वीज देण्याची सोय केली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, पंधराव्या वर्षी ज्यांची फुप्फुसे अपेक्षेपेक्षा स्पष्ट कमकुवत होती अशा मुलांचे प्रमाण १९९४ ते १९९८ या काळातल्या गटात ७.९ टक्के होते, ते २००७ ते २०११ च्या गटात ३.६ टक्क्यांवर आले. दमा असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही प्रकारच्या मुलांना हा लाभ झाला. त्या काळात तेथल्या आयांचे दूध काही बदलले नव्हते.

आपल्या प्राधिकरणाने काहीच केले नाही, असे मी म्हणत नाही. बंदराच्या आवारात विजेवर चालणारे अवजड ट्रक आणण्यास २०२५ साली आरंभ झाला, ही आनंदाची गोष्ट आहे. आणि १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातील गंधकाची जागतिक मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आणली गेली, तिचा लाभ येथेही पोचला असेल. परंतु आवाराच्या आत जे चालते, त्याने करळ आणि जासईच्या मुलांचे भागत नाही. त्यांच्या दारावरून जाणारा ट्रेलर आवाराच्या बाहेरच असतो. सूक्ष्म कणांची वार्षिक सरासरी घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमच्या आत असावी असे जागतिक आरोग्य संघटना म्हणते, आपल्या देशाची मर्यादा ४० आहे. जसखारच्या अंगणवाडीच्या अंगणात ती किती भरते, हे तेथल्या मुलांच्या आईबापांना रोज कळले पाहिजे, आणि कळवणे अवघड नाही.

म्हणून माझ्या विनंत्या मोजक्या आणि अमलात आणण्याजोग्या आहेत. जसखार, सोनारी, करळ, फुंडे, जासई आणि गव्हाण या गावांत हवा मोजणारी यंत्रे प्राधिकरणाने बसवावीत, आणि त्यांचे रोजचे आकडे मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावण्याची तजवीज करावी. रांगेत उभ्या ट्रेलरची इंजिने बंद ठेवण्याचा नियम वाहनतळांवर आणि फाट्यांवर खरोखर अमलात यावा, धक्क्याला लागलेल्या जहाजांना किनाऱ्याची वीज घेणे बंधनकारक व्हावे, आणि बाहेरच्या रस्त्यांवरील ट्रक विजेवर आणण्याचा कालबद्ध आराखडा जाहीर व्हावा. बंदराच्या जमिनीवर चालणाऱ्या प्रत्येक ठेक्याच्या निविदेत पाळणाघर आणि पाजण्याच्या दोन सुट्या ही अट असावी, आणि लहान ठेकेदारांना स्वतंत्र पाळणाघर परवडत नसेल, तर अनेकांनी मिळून एक चालवावे, त्यासाठी जागा प्राधिकरणाने द्यावी. तालुक्यातील आशा कार्यकर्त्या आणि परिचारिका यांना बालदम्याचे प्रशिक्षण मिळावे, आणि उरणच्या ग्रामीण रुग्णालयात मुलांसाठी इनहेलरचे पंप आणि त्यांना जोडण्याच्या नळ्या वर्षभर उपलब्ध राहाव्यात, याला बंदराने आपल्या सामाजिक दायित्वाच्या निधीतून हातभार लावावा. कारण 'पंपाची सवय लागते' या भीतीने आमच्याकडची पुष्कळ मुले चुकीच्या औषधांवर वर्षे काढतात. आणि ज्या गावांत हे मापन चालेल, तेथे जन्मणाऱ्या मुलांची एक नोंदवही एखाद्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या देखरेखीखाली ठेवली जावी, तिच्यात मूल किती काळ अंगावर प्याले, घरात धूर किती, रस्ता किती जवळ, आणि छातीचा त्रास केव्हा झाला, एवढे लिहिले जावे. वीस वर्षांनी ती वही शिकागोच्या आणि बेलारूसच्या नोंदींइतकीच मोलाची ठरेल, आणि ती आमच्याच मुलांची असेल.

राहता राहिला तो फलक. दरवर्षी १ ते ७ ऑगस्ट या सप्ताहात प्राधिकरणाच्या वसाहतीत आणि कचेऱ्यांत असे फलक लागणार असतील, तर त्यांवर एवढेच लिहावे, की आईचे दूध मुलाला जुलाबापासून, न्यूमोनियापासून, लहानपणच्या घरघरीपासून आणि इसबापासून पुष्कळ अंशी जपते, म्हणून जन्मानंतर पहिल्या तासात पाजावे, सहा महिने निव्वळ पाजावे आणि दोन वर्षांपर्यंत चालू ठेवावे. आणि त्याच फलकाच्या दुसऱ्या अर्ध्यात त्या महिन्याची हवेची मोजणी छापावी. म्हणजे फलक वाचणाऱ्या आईला आपल्या वाट्याचे काम कोणते आणि बंदराच्या वाट्याचे कोणते, हे एका नजरेत कळेल, आणि घरातल्या आजीलाही ते दाखवता येईल.

या विनंत्यांपैकी कोणती मान्य आहे, कोणती नाही, आणि मान्य असलेली कोणत्या तारखेपासून अमलात येईल, याचे लेखी उत्तर पुढील १ ऑगस्टच्या आत वर उल्लेखिलेल्या ग्रामपंचायतींना मराठीतून मिळावे. जी मान्य नसेल तिचे कारणही त्यात लिहावे. आम्ही ते ग्रामसभेत वाचू आणि त्यावर आपल्या अधिकाऱ्यांशी समोरासमोर बोलू.



आपली नम्र,
उरण तालुक्यातील एक बालरोगचिकित्सक